पाचांतले दोन

मोहाचं फूल काठीने झोडून पाडायचं नसतं. पहाटे ते आपण होऊन पडतं, मग वेचायचं.

—

‘भावकीत मयत झाल्याने दहाव्यास जाणे आहे. तरी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’

—

चार हा आकडा तीनपेक्षा मोठा आहे, पण भक्कम नाही.

—

नागपुरात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर माणूस बसे. दुसरीवर उन्हाळ्यात कूलरच्या जुन्या जाळ्या असत आणि हिवाळ्यात घडी न केलेले कपडे.

—

काळी काच दीड सेकंद गार पडते. पुढचं काम हृदयाचं.

—

रकाना नऊ : निरंक.

—

दोन्ही खुर्च्या हेमलता दुसानेच्या. वय एकोणपन्नास, मूळ गाव धुळे, नोकरी राज्याच्या आरोग्य साठ्यात नियोजन अधिकारी. कुणी विचारलं की नक्की काय करता, तर ती सांगायची, ‘पाच खोल्यांच्या जागा ठरवते.’ समोरच्याला वाटे, बाई घरं दाखवण्याच्या धंद्यात असावी. तीही पुढे बोलत नसे.

साठा म्हणजे काय, ते एकदा नीट सांगून टाकू. पूर्वी राज्यातल्या सगळ्या रुग्णांचे कागद, तपासण्या, औषधं, कुणाला कशाची ॲलर्जी, हे सारं दोन अवाढव्य इमारतींत ठेवलेलं असे. त्या इमारतींतली यंत्रं थंड ठेवायला पाणी लागे, आणि एका उन्हाळ्यात दोन्हीकडचं पाणी एकाच आठवड्यात संपलं. तेव्हा शहाणपण सुचलं. इमारती मोडल्या आणि चार हजार पेट्या केल्या. लोखंडी ट्रंकेएवढी एक पेटी. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक, बंद पडलेल्या शाळेत एक, पाण्याच्या टाकीखाली एक. प्रत्येक रुग्णाची माहिती फोडून तिचे अकरा तुकडे करायचे आणि अकरा वेगळ्या पेट्यांत टाकायचे. त्यांतले कुठलेही सात मिळाले की अख्खी माहिती पुन्हा उभी राहते. पेटी जळाली, पुरात गेली, उंदरांनी कुरतडली, तरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण कुठला तुकडा कुठे आहे आणि कुठली पेटी अजून जिवंत आहे, हे कुणाला तरी ठाऊक हवं. ते काम मॅनेजमेंट नोडांचं, म्हणजे देखरेखीच्या खोल्यांचं. त्यांच्याकडे कुणाचाही कागद नसतो, फक्त नकाशा असतो. आणि नकाशा एकच असावा लागतो. म्हणून नोड पाच, आणि पाचांतल्या तिघांचं एकमत झाल्याशिवाय नकाशावर टिंबही हलत नाही. तिघे भेटले नाहीत तर साठा स्वतःला कुलूप लावून घेतो. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसतो.

या पाच नोडांच्या जागा हेमलताने ठरवल्या. सात महिने ती नकाशे पसरून बसली होती. पाचांतले कुठलेही दोन एका नदीवर नकोत, एका वीजकेंद्रावर नकोत, एका रस्त्यावर नकोत, जमिनीखालच्या एका भेगेवर तर नकोतच. एक बुडाला तर त्याच्या बुडण्याने दुसरा बुडू नये, एवढं एकच तत्त्व. त्यातून कराड, तोरणमाळ, मुखेड, मंडणगड आणि नागपूर ही नावं निघाली. पाचव्या नोडवर वेगळा माणूस नेमायला मंजुरी मिळेना, म्हणून तिथे पहिल्या दिवसापासून ती स्वतःच बसली.

माणूस कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. तोवर नक्कल करणारी यंत्रं इतकी तयार झाली होती, की कुणीही तारेत शिरून ‘मी नोड तीन बोलतोय’ म्हणे आणि ते खरं वाटे. मग एक शोध कामाला आला. तळहाताला अचानक गारवा लागला की हृदय दचकतं आणि मग सावरतं. ते किती दचकतं, किती ठोक्यांत सावरतं, हे ज्याचं त्याचं असतं, आणि त्याच माणसाचंही रोज थोडं निराळं असतं. त्या थोड्याशा निराळेपणाची नक्कल कुठल्याच यंत्राला जमली नाही. म्हणून प्रत्येक नोडवर काळ्या काचेची एक पाटी आणि एक राखणदार. रोज सकाळी अकराला पाचही जण एकाच वेळी पाटीवर हात ठेवतात, पाटी दीड सेकंद गार पडते, पाच हृदयं पाच उत्तरं देतात आणि पुढच्या अकरापर्यंतची किल्ली तयार होते. त्या पाच मिनिटांपुरती पाचांमध्ये बोलण्याची लाइन उघडते. नाव नाही, चेहरा नाही. ‘नोड एक, हजर.’ ‘नोड दोन, हजर.’ झालं.

हेमलताच्या दिवसातलं तेवढंच बोलणं काही वेळा पूर्ण दिवसाचं बोलणं ठरे.

—

१४ मार्च २०४१, सकाळी ११:००

नोड १ : उत्तर नाही
नोड २ : हजर
नोड ३ : उत्तर नाही
नोड ४ : उत्तर नाही
नोड ५ : हजर
बहुमत : नाही
साठा : बंद

—

पाचांतले दोन गैरहजर राहिले तरी चालतं, म्हणूनच तर पाच. राखणदाराला वर्षातून काही दिवस एकेक दिवसाची रजाही मिळे. रजेचा अर्ज आपापल्या जिल्ह्याच्या कचेरीत जाई. त्या दिवशी तीन जिल्ह्यांत तीन अर्ज मंजूर झाले होते, आणि प्रत्येक कचेरीला वाटलं, एकच तर माणूस जातोय.

बहुमत नसलं तर लाइन बंद होत नाही. बहुमत परत येईपर्यंत उघडीच राहते. तशी सोय हेमलतानेच करून ठेवली होती, गोंधळाच्या वेळी उरलेल्यांना बोलता यावं म्हणून. त्यामुळे अकरा ते दुसऱ्या दिवशीचे अकरा, चोवीस तास, नागपूरची एक खोली आणि सातपुड्यातली एक खोली एकमेकींना ऐकत राहिल्या.

पहिले तीन तास तिने फोन घेतले. राज्यभरातली इस्पितळं विचारत होती, रुग्णाची माहिती का उघडत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जात होत्या. एका बाईला भूल द्यायची होती आणि तिला मागच्या वेळी कशाचा त्रास झाला होता हे कुणालाच आठवत नव्हतं. हेमलता प्रत्येकाला एकच सांगत होती, थांबा, काही करू नका, थांबा. तिचे साहेब बोरकुटे तर दर वीस मिनिटांनी येऊन दारात उभे राहत आणि परत जात.

दुपारी फोन जरा थंडावले, तेव्हा लाइनवरून बकरीचा आवाज आला. मग माणसाचा. त्याने विचारलं, मॅडम जेवल्या का.

तो रूपसिंग वसावे. तोरणमाळच्या नोडचा राखणदार, पूर्वी वीजमंडळात वायरमन. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा सुरतला. दीड वर्षात हेमलताने त्याच्या तोंडून तीन शब्द ऐकले होते, ‘नोड दोन, हजर.’ त्या दिवशी तिने सांगितलं की बिस्किटं खाल्लीत.

“बिस्किट म्हणजे जेवण नाही, मॅडम. उठा, जेवून या. मी बसतो इथं. तसंही आज आपल्या दोघांचं कोण ऐकतंय?”

ती गेली, जेवून आली, आणि खुर्चीवर बसल्याचा आवाज त्याला कसा कळला कोण जाणे, पण तो म्हणाला, ‘आहे मी.’

संध्याकाळपर्यंत त्याने बरंच विचारून घेतलं. एक प्रश्न त्याला सुटत नव्हता. आपण दोघं इथे आहोत, हात ठेवलाय, खोटं बोलत नाही. मग साठा आपलं ऐकत का नाही? तिने समजावलं. समज, मधली तार तुटली. इकडे दोघे, तिकडे तिघे, आणि दोन्हीकडच्यांना वाटतंय की दुसरे मेले. दोघांनीही नकाशात आपापले बदल केले, तर एकाच रुग्णाचे दोन इतिहास होतील आणि कुठला खरा ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून जे कमी आहेत त्यांनी गप्प बसायचं. आपण खरं असलो तरी.

“आमच्या पाड्यात उलटं आहे,” वसावे म्हणाला. “कमी असतात तेच जास्त ओरडतात.”

हेमलता हसली. स्वतःच्या हसण्याचा आवाज खोलीत ऐकून तिला थोडं चमत्कारिक वाटलं.

तिनेही सांगितलं मग. एकुलती एक मुलगी, वडील भावांशी भांडून धुळ्यातून निघालेले, ते कुणाकडे परत गेले नाहीत आणि कुणी बोलवायलाही आलं नाही. आई गेली तेव्हा ऑफिसातले चार जण होते. तिने दीड दिवस रजा घेतली होती. दुसरी खुर्चीही तिने सांगितली, जाळ्यांसकट. तो म्हणाला, खुर्ची रिकामी ठेवली की माणूस येतं असं काही नाही, पण जाळ्या ठेवल्या तर नक्कीच येत नाही.

पहाटे त्याने विचारलं, मोह ऐकायचाय का? त्याने बोलण्याचा डबा तार पुरेल तिथवर, उंबऱ्यापर्यंत नेला. हेमलता कान देऊन बसली. बराच वेळ काही नाही. मग ‘टप्’. मग पुन्हा. फूल पडण्याला आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं. तिने अकरा फुलं मोजली, आणि बारावं पडलं तेव्हा मोजायचं थांबवलं.

—

अकराला तिघेही परत आले. पाटी गार पडली, पाच उत्तरं आली, साठा उघडला. मग हेमलताने लाइनवरच तिघांना विचारलं, काल कुठे होतात.

कराडचे मोकाशी म्हणाले, भावकीतली एक आजी गेली, आसरवाडीला, तिच्या दहाव्याला.

मुखेडच्या पाटलांनी मध्येच विचारलं, “आसरवाडी? साळूबाईचा दहावा?”

आणि मंडणगडचे सावर्डेकर म्हणाले, “अहो, मग नदीवर न्हाव्यासमोर ओळीत माझ्या पुढे बसला होतात, पांढऱ्या बनियनवर, ते तुम्हीच काय?”

तिघांची आडनावं तीन, जिल्हे तीन. पण दहाएक पिढ्यांमागे मूळ एक, कुलदैवत एक, आणि म्हणून सुतकही एक. तिघे काठावर ओळीने बसून डोकी भादरून घेत होते, आणि आवाज ओळखीचा असूनही एकाला दुसऱ्याचा चेहरा ठाऊक नव्हता. वसावे लाइनवर मोठ्याने हसला. मोकाशींनी त्याला विचारलं, तुमचं कुणी गेलं की तुम्ही नाही का जाणार.

बोरकुटे साहेब हसले नाहीत. “म्हणजे मॅडम, तुम्ही नदी पाह्यली, वीज पाह्यली, भूकंप पाह्यला, अन् सुतक नाही पाह्यलं? आता वरून विचारून राह्यले, काय सांगू त्यायले?”

ती म्हणाली, ते नकाशावर नसतं. बोरकुटे म्हणाले, मग नकाशावर आणा.

आईच्या वेळी कुठल्याही नकाशावर काही हललं नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं.

—

नियम एकोणीस तिने एप्रिलमध्ये लिहिला. भावकीची यादी मागून उपयोग नव्हता. कुणालाच आपली भावकी पूर्ण माहीत नसते. आणि माणूस काही फक्त भावकीसाठी जागा सोडत नाही. म्हणून तिने सरळ प्रश्न घातला.

रकाना नऊ. कोण गेल्यावर तुम्ही जागा सोडून जाल? नाव व नातं लिहावे. कुणी नसल्यास ‘निरंक’ लिहावे.

खाली नियम : ज्या दोन राखणदारांच्या रकान्यात एकच नाव असेल, किंवा एकाच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव असेल, ते दोन नोड एकच धरावेत. नंतर नेमलेल्याने जागा सोडावी. राखणदारांनी एकमेकांना भेटू नये. हजेरीच्या वेळेखेरीज बोलू नये. अर्जाची नोंद संगणकात झाल्यावर छापील प्रत अर्जदाराने वाचून सही करावी.

वरच्या लोकांना नियम फार आवडला. स्वच्छ आहे, असा शेरा आला. मोकाशी राहिले, पाटील आणि सावर्डेकर गेले. जाताना सावर्डेकर म्हणाले, “बरं झालं बाई, आता मेलो तरी साठा बंद पडणार नाही.” दोन नव्या माणसांसाठी जाहिरात निघाली आणि रकाना नऊची बातमी गावोगाव पोचली. निरंक असेल तर नोकरी, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि तो चूकही नव्हता. तलाठ्याकडे लोक ‘कुणीही नसल्याचा दाखला’ मागायला जाऊ लागले. तलाठ्यांनी विचारलं, कुठल्या कायद्याखाली देऊ? तरी काहींनी दिले.

मुलाखतीला एक चाळिशीचा माणूस आला. दाखल्यावर दोन शिक्के. आई नाही, वडील नाहीत, लग्न नाही, भाऊबहीण नाही. शांतपणे बोलला, हात पाटीवर ठेवला, हृदयाने छान उत्तर दिलं. हेमलता पाणी प्यायला बाहेर आली तर व्हरांड्यात एक बाई डबा घेऊन बसली होती. नाक तेच, कपाळ तेच. बाईने विचारलं, त्याचं झालं का, त्याला उपाशी राहवत नाही.

हेमलताने त्याला नापास केलं. त्याला कारण सांगितलं नाही. खिडकीतून तिने पाहिलं, तो आवाराच्या भिंतीवर बसून जेवत होता आणि बाई त्याला रागावत होती.

—

मार्च ते ऑगस्ट, लाइनवर, अकरा वाजता, नोड दोन :

हजर. मोह संपला, मॅडम.
हजर. काल वाऱ्याने कौलं गेली, पाटी ठीक आहे.
हजर. बकरी व्याली. दोन पिलं.
हजर. तलाव भरला.
हजर. मुलाचा फोन आला होता. दिवाळीला येतो म्हणाला, मागच्या वर्षीही म्हणाला होता.
हजर. आज तुमचा आवाज बसलाय. हळद-दूध घ्या.

नोड पाचकडून एकेक वाक्याचं उत्तर जाई. दोन्ही पिलं जगली का. किती भरला. घेतलं.

मधल्या काळात तिने दुसऱ्या खुर्चीवरच्या जाळ्या टाकून दिल्या. त्या गंजल्या होत्या, टाकायलाच झाल्या होत्या. हजेरीला ती आता पावणेअकरापासून बसे.

—

जुन्या राखणदारांनीही नवा अर्ज भरायचा होता. हेमलताने आपला जुलैतच भरला. वीजबिलावर सही करावी तसा, न थांबता. रकाना नऊ : निरंक. खोटं लिहितेय असं तिला वाटलं नाही.

वसावेचा अर्ज टपालाने ऑगस्टच्या शेवटी आला. निळ्या बॉलपेनचं, शाळेत घोटून घेतलेलं अक्षर. मुलाचं नाव वेगळ्या रकान्यात होतं, वारस म्हणून. रकाना नऊमध्ये मुलाचं नाव नव्हतं.

नाव : हेमलता दुसाने, नोड ५.
नातं : रोज अकराची हजेरी.

तिने ते वाचलं, आणि पहिल्यांदा तिला जे वाटलं ते सुख नव्हतं. हिशेबात चूक सापडली की वाटतं, तसं ते होतं. मग तिने कागद उलटा ठेवला. मग सुलटा केला. तिच्या जाण्याने राज्यात कुठे तरी एक माणूस उठून चालू लागणार होता, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी कागदावर लिहिलं होतं.

बोरकुटे दारात आले. “काय मॅडम, तोरणमाळचा आला ना? टाकून द्या एकदाचे पाचाचे पाच. वरचे रोज फोन करून राह्यले.”

ती म्हणाली, आलाय, भरते.

मग तिने गणित केलं, कारण तिला तेच येत होतं. हा रकाना जसाच्या तसा भरला, तर नोड दोन आणि नोड पाच एकच धरले जातील. पाचाचे चार होतील. चारांचं बहुमत तीन. म्हणजे एकच गैरहजर चालेल, जेवढा तीन नोडांतही चालतो. चौथा नुसता शोभेला. तेव्हा एकाने जायचं, आणि नंतर नेमलेला वसावे. त्याची खोली जाणार, पगार जाणार, आणि लाइन जाणार. तिने स्वतःहून जागा सोडली तर त्याची नोकरी राहील, पण लाइनवर ती नसेल. आणि राखणदाराशी बाहेरच्या कुणी हजेरीच्या वेळी बोलायचं नाही, हा नियमही तिचाच. कुठल्याही बाजूने मोजलं तरी अकरा वाजता खोलीत शांतता होती.

तिसरा एक मार्ग होता. त्याला एक शब्द पुरत होता.

सप्टेंबरच्या दोन तारखेला, दुपारी सव्वातीनला, हेमलताने नोंदीत रकाना नऊवर बोट ठेवलं आणि ‘निरंक’ टाकलं. मूळ कागद फायलीला लावायचा असतो. तो तिने घरी नेला आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवला, आणि वारा येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.

तिला वाटलं, छापील प्रत तो वाचणार नाही. लोक वाचत नाहीत, सही करतात. वाचलीच, तर त्याला कळेल की हे अकराच्या हजेरीसाठीच केलंय. त्याला सगळं कळतं. बसलेला आवाज कळतो, खुर्चीवर बसलेलं कळतं.

—

छापील प्रत दिवाळीच्या तोंडावर सही होऊन परत आली. रकाना नऊखाली, जिथे सहीची जागा नव्हती तिथे, शाई लागलेल्या बोटाचा पुसट ठसा होता, ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखा. शेवटी सही. रूपसिंग वसावे. निळं बॉलपेन.

दुसऱ्या दिवशी अकराला लाइन उघडली.

“नोड एक, हजर.”
“नोड दोन, हजर.”

ती थांबली. पुढचं वाक्य आलं नाही. नोड तीन आणि चारवर आता नवी माणसं होती, दोघांचेही रकाने निरंक. त्यांनी आपापलं हजर म्हटलं.

पाटी गार पडली. पडद्यावर पाच रेघा उमटल्या. दुसरी रेघ नेहमीसारखीच दचकली, नेहमीएवढ्याच ठोक्यांत सावरली. यंत्राला तिच्यात काही वेगळं दिसलं नाही. हेमलतालाही दिसलं नाही, आणि तेच तिला पाहवलं नाही.

दहा दिवस असेच गेले. ती रोज एक वाक्य ठेवे. पिलं मोठी झाली असतील. तिकडे थंडी पडली का. वसावे उत्तर देई : हो. पडली. याच दिवसांत दिवाळी झाली. त्याचा मुलगा आला का, हे तिने विचारलं आणि तो म्हणाला, लाइन हजेरीसाठी आहे ना, मॅडम.

अकराव्या दिवशी तिला राहवलं नाही. पाच मिनिटांतली दोन उरली होती. बाकीचे ऐकत होते, ध्वनिमुद्रण चालू होतं.

“वसावेभाऊ, तो रकाना... तो मी एवढ्यासाठीच केला की—”

“मॅडम,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “तुम्हीच सांगितलं होतं ना. खोटं सांगण्यापेक्षा गप्प बसायचं. मी कागदावर सही केली. कागदात जे आहे ते आहे.”

मोकाशी खोकले. नोड चारच्या नव्या माणसाने विचारलं, काही तांत्रिक अडचण आहे का.

“नाही,” हेमलता म्हणाली. “काही अडचण नाही.”

लाइन बंद झाली.

—

वार्षिक अहवाल, २०४२

स्वतंत्र नोड : पाचपैकी पाच
साठा बंद पडल्याचे प्रसंग : निरंक
शेरा : नियम एकोणीस यशस्वी. इतर राज्यांस पाठवावा.

—

तो नियम पाठवला गेला. तिला एक शालही मिळाली. बोरकुटे तिच्याबद्दल बोलताना म्हणाले, या बाईने घरदार पाह्यलं नाही, अन् ते खरं होतं.

हेमलता रोज पावणेअकराला बसते. मार्च आला की ती कधी कधी हजेरी संपल्यावर बंद लाइनला कान लावून ठेवते. त्यातून काही येत नाही. बंद लाइनीतून काही येऊ नये, अशीच ती बांधलेली आहे. घरी दुसऱ्या खुर्चीवर एक कागद आहे आणि त्यावर वजन म्हणून एक वाटी. त्या खुर्चीवर ती दुसरं काही ठेवत नाही.

नोड दोनचा आवाज अजून येतो. दोन शब्द नि एक आकडा. तो कधीच चुकला नाही, एक दिवसही नाही. कुणाच्या दहाव्याला गेला नाही.

—

आसरवाडीच्या साळूबाईला त्या तिघांपैकी एकानेही कधी पाहिलं नव्हतं.